तबल्यावर घर चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात तबला वाजवतो, शिकवतो आणि गेली बावीस वर्षं दुसरा कुठलाही धंदा केलेला नाही. त्यामुळे फोन येतात. जून महिन्यात पालकांचे, विशारदचा, म्हणजे संगीतातल्या वरच्या परीक्षेचा, निकाल लागला की मुलांचे, आणि वर्षभर अधूनमधून पस्तिशीतल्या नोकरदारांचे, बहुतेक रात्री अकरानंतर. प्रश्न फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आकडे जिथे माझ्या अंदाजाचे आहेत तिथे तसं म्हटलं आहे.

1. खरं सांगा, तबला वाजवून घर चालतं का?

चालतं. पण बाहेरून दिसतं तसं मैफलींवर चालत नाही. माझ्या वर्षाच्या कमाईतला निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा शिकवण्यांचा, साधारण पाव हिस्सा कथकच्या वर्गांना साथ करण्याचा, आणि उरलेल्यात कार्यक्रम, ध्वनिमुद्रण, परीक्षेची साथ हे सगळं. म्हणजे झब्बा घालून मंचावर बसलेला जो मी लोकांना दिसतो, तो घरखर्चाचा फार छोटा भाग उचलतो.

पालक हमखास उस्ताद झाकिर हुसेन यांचं उदाहरण देतात. फेब्रुवारी 2024 मध्ये एका रात्रीत त्यांना तीन ग्रॅमी मिळाली, हे खरंच. त्यांच्याकडे बघून तबला शिकावा. हिशेब मात्र आपल्याच पेठेतल्या तबलावादकाचा बघावा. (आणि त्याला ‘तबलजी’ म्हणू नये. अजूनही बरेच जण म्हणतात, आणि आम्हाला तो शब्द टोचतो.)

2. किती वर्षं शिकल्यावर पैसे मिळायला लागतात?

पहिले पैसे लवकर मिळतात. कॉलेजात असतानाच कुणाच्या तरी भजनाला, गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाला बसवतात आणि हातात पाकीट पडतं. घर चालण्याइतके पैसे यायला मला त्यानंतर आणखी नऊ वर्षं लागली. त्यातली पाच मी आईवडिलांच्या घरात राहून काढली, म्हणून निभावलं. भाड्याच्या खोलीत राहून हे करणारे मित्र होते. त्यातले दोघे आज चांगल्या नोकरीत आहेत आणि रविवारी सुरेख वाजवतात.

3. विशारद झालो. आता कामं मिळतील ना?

कामं देणारा माणूस प्रमाणपत्र बघत नाही. एकाही गायकाने आजवर मला ‘विशारद कितव्या साली?’ असं विचारलेलं नाही. त्याला तुम्ही ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, कसा धरता, संथ (विलंबित) एकतालात लय कुठे जाते, आणि त्याचं गाणं चाललेलं असताना हात आवरता येतो की नाही, एवढंच बघायचं असतं.

पण कागद टाकाऊ नाही. तो उपयोगी पडतो शिकवण्याच्या बाजूला. परीक्षेला बसणारी मुलं ज्याने स्वतः परीक्षा दिली आहे त्याच्याकडे येतात. शाळा पदविका मागतात, कॉलेजात शिकवायचं तर एम. ए. आणि संगीतातली नेट (प्राध्यापकांची पात्रता परीक्षा) लागते. आकाशवाणीची गोष्ट वेगळी. तिथे ऑडिशन देऊन श्रेणी मिळते, बी, बी-हाय, ए आणि टॉप. श्रेणी मिळाली म्हणून दर महिन्याला बोलावणं येत नाही, पण आयोजकाने छापलेल्या पत्रिकेत नावापुढे ती शोभते.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते संस्थानिकाच्या पदरी न राहता समाजाच्या पाठबळावर चालवायचं म्हणून. गावोगावच्या गल्लीत आज जो तबल्याचा क्लास दिसतो आणि ज्यावर आमची घरं चालतात, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे.

4. मग पैसा नेमका कुठकुठून येतो?

शिकवणी सगळ्यात आधी. माझ्याकडे चाळीसेक मुलं येतात. त्यातली फार तर दोन पुढे वाजवतील. उरलेल्या अडतीस जणांवर माझा किराणा भरतो, आणि अशा मुलांविषयी नाक मुरडणारे तबलावादक मला आवडत नाहीत. आठ वर्षांचा मुलगा तिरकिट नीट काढायला लागला की त्याच्याइतकाच आनंद मलाही होतो. रोज होत नाही, हेही खरं.

दुसरं कथक. आमच्या पेशात नोकरीच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच. रोहिणीताई भाट्यांनी 1947 मध्ये ‘नृत्यभारती’ ही कथकची संस्था सुरू केली, तेव्हापासून पुण्यात कथक असं रुजलं की आज शहराच्या कुठल्याही टोकाला वर्ग सापडतो. वर्गाला तासावर पैसे मिळतात, आठवड्याचे वार ठरलेले असतात. एक तास सलग तत्काराला, म्हणजे पायांच्या मूळ कामाला, तीनताल धरायचा. बारा मुली, त्यातल्या चार लयीच्या पुढे पळणाऱ्या. कंटाळा येतो. पण माझी लय जी काही पक्की झाली ती याच वर्गांत. बोल म्हणायची, म्हणजे पढंतीची, सवयही इथेच लागते.

तिसरं, परीक्षेची साथ. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन हंगामांत होतात. गाण्याच्या परीक्षार्थींना तबल्याची साथ लागते, आधी दोन-तीन तालमी लागतात. आठवडाभर सकाळी आठपासून एकामागून एक बसायचं. थोरल्या मंडळींना हे काम कमी दर्जाचं वाटतं, म्हणूनच तरुणांना ते सहज मिळतं.

मग कार्यक्रम. श्रावणातली भजनं, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, आणि डिसेंबर-जानेवारीतले महोत्सव. पितृपक्षात पंधरा दिवस पूर्ण कोरडे. दिवाळी पहाटेचं दुखणं वेगळंच आहे. पहाटा चारच, प्रत्येक पहाटे फोन पाच, आणि माणूस एकाच मंचावर बसू शकतो.

ध्वनिमुद्रणाचं काम पूर्वी होतं तेवढं राहिलेलं नाही. जिंगल आणि मालिकांच्या पार्श्वसंगीतासाठी संगणकातले तयार तुकडे वापरतात. ज्यांना खरा हात हवा ते अजून बोलावतात, पण त्याच्यावर महिन्याचं गणित बांधू नका.

5. एकच काम धरून बसलं तर? सगळीकडे धावाधाव का करायची?

मार्च 2020 मध्ये एका आठवड्यात माझ्या डायरीतले सगळे कार्यक्रम खोडले गेले. कथकचे वर्ग बंद झाले. शिकवण्या ऑनलाइन तरी करता आल्या, म्हणून हप्ते भरता आले. जे फक्त कार्यक्रमांवर होते त्यांनी वाद्यं विकली. आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली ती 1971 पर्यंत टिकली. त्या काळी रेडिओचा आसरा धरू पाहणाऱ्या पेटीवाल्याने काय केलं असेल, याचा विचार मी कधीकधी करतो.

6. बिदागी किती सांगायची? सांगताना फार संकोच वाटतो.

संकोच सगळ्यांनाच वाटतो. ‘तुम्ही द्याल ते’ हे उत्तर मात्र कधीही देऊ नका. समोरचा त्याचा अर्थ ‘काहीच नको’ असा घेतो आणि वर आपण मोठेपणा केला असं त्यालाच वाटतं.

हिशेब असा करा. बिदागी दोन तासांच्या वाजवण्याची नसते, दिवसाची असते. पुण्याहून नाशिकला कार्यक्रम असेल तर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. दुपारी बाराला निघायचं, रात्री तीनला परत. समजा त्या दिवशीच्या बुडालेल्या शिकवण्या 2,500 रुपयांच्या. आधी दोन तालमी झाल्या, त्यात दोन अर्धे दिवस गेले, ते आणखी 2,500. म्हणजे 5,000 मिळाले तेव्हा तुम्ही फक्त बरोबरीत आलात. कमाई त्याच्यापुढे सुरू होते. प्रवास आणि जेवण आयोजकाकडे, हे फोनवरच बोलून घ्यायचं.

गायकाला तुमच्या कितीतरी पट मिळतात, यावर जळू नका. तिकीट त्याच्या नावावर खपतं. पण पेटीला आणि तबल्याला सारखेच मिळायला हवेत, आणि ते मिळतात का हे पेटीवाल्याला सरळ विचारावं. आम्ही साथीदार एकमेकांना आकडे सांगत नाही, आणि आयोजकांना हे पक्कं ठाऊक असतं.

दर वर्षी थोडा तरी वाढवा. मी सहा वर्षं एकाच आकड्यावर राहिलो, केवळ बोलायचं धाडस नव्हतं म्हणून. सातव्या वर्षी आवंढा गिळून दीडपट सांगितले. पलीकडून लगेच ‘चालेल’ आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

7. पैसे बुडवले तर काय करायचं?

बुडतात कमी, लांबतात जास्त. ‘प्रायोजकाचा चेक आला की लगेच’ हे वाक्य तुम्हाला पाठ होईल. ठरलं की लगेच व्हॉट्सअॅपवर तारीख, ठिकाण, वेळ, रक्कम आणि पैसे कधी मिळणार ते लिहून पाठवा, समोरून ‘ओके’ येऊ द्या. नव्या आयोजकाकडून निम्मे आधी घ्या. उरलेले कार्यक्रमाच्या दिवशीच. एका हौशी संस्थेकडे माझे पैसे चौदा महिने अडकले होते. शेवटी मिळाले तेही पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाला मी नकार दिला तेव्हा.

8. फुकट वाजवावं का? ‘तुमचं नाव होईल’ असं म्हणतात.

तीन ठिकाणी मी आजही पैसे घेत नाही. गुरुजींचा उत्सव, मित्राचा पहिला कार्यक्रम, आणि जिथे श्रोत्यांकडून मला खरोखर काही शिकायला मिळतं अशी घरगुती बैठक. नाव व्हावं म्हणून फुकट बसायला हरकत नाही, पण आयोजकाने मांडववाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला आणि केटररला पैसे दिले असतील तर तुमचेही द्यायला हवेत. नातेवाइकांकडच्या गणपतीचा प्रश्न फार येतो. माझं उत्तर: आरतीला टाळ वाजवा, तबला घरी ठेवा.

9. तबल्याचा खर्च किती? एक जोडी पुरते ना?

शिकताना पुरते, धंद्यात नाही. गायक काळी एक, पांढरी दोनला (ही पेटीच्या पट्ट्यांवरून ठरलेली सुरांची नावं) गातात, गायिका बहुतेक काळी चार-पाचला. एका तबल्यावर हे सगळे सूर नीट लागत नाहीत. ढाल्या म्हणजे खालच्या सुराचा एक, मधला एक आणि टिपेचा एक, असे तीन तबले आणि दोन डग्गे (डाव्या हाताने वाजवायचे) हा माझा किमान संसार. पुडी (वरचं कातडं) झिजते, शाईला (त्यावरच्या काळ्या गोलाला) तडे जातात, वादी (ताणायची चामड्याची पट्टी) तुटते. पावसाळ्यात पुड्या सादळतात आणि कार्यक्रमाच्या मध्यावर सूर उतरतो. पुडी बदलायचे पैसे महिन्याच्या खर्चात धरा, अचानक आलेल्या खर्चात धरू नका. तबला बनवणाऱ्या कारागिराशी घासाघीस करू नका. तो नीट जगला तर तुमचा तबला बोलेल. असे हात कमी होत चालले आहेत.

10. मी 34 वर्षांचा आहे, आयटीत आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ तबला करू का?

रात्री अकरानंतरचा फोन तो हाच. मी उलट तीन प्रश्न विचारतो. गेल्या सहा महिन्यांत रोज किती वाजवलं? घराचा हप्ता किती उरला आहे? आणि शिकवायला आवडतं का? तिसऱ्याला ‘नाही’ आलं तर मी नोकरी ठेवा म्हणतो. प्रश्न 1 आणि 4 वाचले असतील तर कारण सांगायला नको.

आवडत असेल तर आधी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी दहा मुलं घ्या. दोन वर्षं त्यांना टिकवून दाखवा. दहाची वीस झाली तर पुढचं बोलू. आणि एक कटू गोष्ट. नोकरी असताना तुम्ही रात्री जो तासभर वाजवता तो सर्वस्वी तुमचा असतो. पूर्णवेळ झालात की दिवसाचे आठ तास तबल्यावर हात असतो आणि स्वतःचा रियाज मात्र राहतो. मी पहाटे साडेपाच ते सात कुणालाही देत नाही, ऑनलाइनवाल्यांनाही नाही. ती वेळ गेली की दोन वर्षांत हात शिळा होतो. तुम्हाला ते उशिरा कळतं, गायकाला आधी कळतं.

11. मुलीला तबल्यात पुढे पाठवावं का?

पाठवावं. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री आणि त्यांच्यानंतर अनुराधा पाल यांनी ही वाट पाडून ठेवलेली आहे. बोटांना मुलगा-मुलगी कळत नाही. अडचणी असतात त्या रात्रीच्या परतीच्या, ग्रीनरूम नसलेल्या मांडवांच्या, आणि ‘बाई तबल्याला? मग वेगळा कार्यक्रम करू’ असं म्हणणाऱ्या आयोजकांच्या. माझ्या एका विद्यार्थिनीला दरवर्षी 8 मार्चला पाच बोलावणी येतात आणि 9 मार्चला एकही नाही. ती आता त्या दिवशीची बिदागी दुप्पट सांगते. बरोबर करते.

12. परदेशातल्या मुलांना ऑनलाइन शिकवून जास्त पैसे मिळतात म्हणे?

मिळतात. अमेरिकेतल्या मराठी घरांना मुलांनी मराठीतून शिकावं असं वाटतं आणि फी देताना ते कुरकुरत नाहीत. पण ऑनलाइन एकत्र वाजवता येत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकते. म्हणून लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, मुलाच्या बाजूला लावायचा, त्याने वाजवायचं, आपण ऐकायचं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला सांगा, नाहीतर डग्ग्याची घुमक त्याला गोंगाट वाटते आणि तो ती गिळून टाकतो.

वेळेचं लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात संध्याकाळी सातचा तास उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसातला पडतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला. पहिल्या वर्षी मी रिकाम्या स्क्रीनपुढे तासभर बसलो होतो.

13. कर भरावा लागतो का? जीएसटीचं काय?

कमाई आहे तिथे आयकर आहे. रोख पाकिटं धरून. संस्था बहुधा 10 टक्के टीडीएस कापतात. विवरणपत्र भरलंत आणि तुमचा कर त्याहून कमी बसला तर ते परत मिळतात. न भरणारे कलाकार दरवर्षी हे पैसे सोडून देतात. पोर्टलवर जाऊन कापलेले पैसे खरंच जमा झालेत का तेवढं बघा.

जीएसटीत आपल्याला सवलत आहे. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर तो कर लागत नाही, आणि व्यक्तीने स्वतः दिलेल्या कलाशिक्षणालाही नाही. गोम इथे आहे. हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात वाजवलंत तर ते शास्त्रीयही नाही आणि लोककलाही नाही, त्यामुळे ही सवलत तिथे चालत नाही. तरीही सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. त्याच्यापुढे गेलात तर सनदी लेखापालाकडे जा आणि येताना मला पेढे आणा.

14. माझा कार्यक्रम आयोजकाने न विचारता यूट्यूबवर टाकला. काही करता येतं?

येतं. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क वेगळा मानलेला आहे आणि तो 50 वर्षं टिकतो. साथीदारही सादरकर्ताच. रेकॉर्डिंगला तुमची संमती लागते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एक शांत फोन पुरतो. मी काढून टाका म्हणत नाही, नाव नीट लिहा म्हणतो. ‘तबला साथ’ एवढंच लिहून पुढे रिकामं सोडलेले माझे तीन व्हिडिओ आजही आहेत. पुढच्या वेळेसाठी ही अट प्रश्न 7 मधल्या मेसेजातच घाला.

15. सुगम, लावणी, ऑर्केस्ट्रा वाजवला तर शास्त्रीयचा हात बिघडतो का?

हा प्रश्न विचारणारे बहुधा स्वतः वाजवत नाहीत. चांगली लग्गी, म्हणजे सुगममधलं ते चपळ वाजवणं, लावणं सोपं वाटत असेल तर एकदा लावून बघा. बिघडतं ते वेगळ्याच कारणाने. रोज मोठ्या ध्वनिक्षेपकापुढे जोरात वाजवत राहिलं की हातातला हळू आवाज जातो. महिन्यातून चार दिवस बिनमाइकचं वाजवा.

16. म्हातारपणी काय?

भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी मानधन योजना आहे, महिन्याला 5,000 रुपयांची. त्यावर कुणी म्हातारपण काढू शकत नाही. पंचविशीतच पीपीएफ उघडा आणि हंगामातल्या प्रत्येक पाकिटातून काहीतरी तिकडे टाका. आरोग्यविमाही घ्या. मनगट धरलं की सहा आठवडे कमाई शून्य. मला 2017 मध्ये हा अनुभव आला. बोलून शिकवता येत होतं म्हणून तरलो.

17. दुसऱ्याच्या बदली बसलो आणि गायकाने पुढच्या वेळेसाठी माझाच नंबर मागितला. देऊ का?

हा सगळ्यात नाजूक प्रश्न, आणि विचारणारा दर वेळी आवाज खाली आणून विचारतो. रिवाज असा आहे की बदली ज्याने पाठवली त्याचं ते घर. नंबर द्यायचा नाही असं नाही, पण त्याच रात्री पाठवणाऱ्याला फोन करून सांगायचं: ‘दादा, त्यांनी नंबर मागितला, मी दिला.’ पुढचं बोलावणं आलं तर आधी त्याला विचारायचं. बहुतेक वेळा तो ‘जा रे’ म्हणतो. बिदागीतून काही कापून द्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. मी देत नाही, घेतही नाही.

गुरुजींच्या बदली बसला असाल तर मात्र नंबर देऊ नका. ‘गुरुजींकडून निरोप पाठवा’ एवढंच म्हणा. माझ्या वेळी मी दिला होता. गुरुजी काही बोलले नाहीत. फक्त पुढचे पाच महिने बदलीला त्यांनी दुसऱ्याला पाठवलं.